वाळूच्या टेकडीवरून उतरताना

ओकाहांजा, मंगळवार

तीर्थरूप दादा,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? (गुरांची खुशाली आधी विचारायची असते, हे लिहून झाल्यावर आठवलं. तरी गुडघा नंतर वाचावा.) ठिपकेवाली गाय व्याली का? गवत पुरतंय ना? वहिनींना सांगा, त्यांनी पाठवलेलं ताक-लोणी पोचलं आणि संपलंही.

मी सुखरूप आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण स्वाकोपमुंडला मी वाळूच्या टेकडीवरून पडले, असं एव्हाना तुमच्या कानावर आलं असेल. मी पडले नाही. उतरले. उतरताना पाय वर होते, एवढंच.

झालं असं, की आपल्या वेयामाला दवाखान्यातून आठवडाभर सुट्टी मिळाली. माझा गिडिऑन गेल्यापासून चार वर्षांत या पोरीने कधी सुट्टी मागितली नव्हती. ती म्हणाली, "आई, समुद्रावर जाऊ या." मी म्हटलं, वाळू बघायला इतक्या लांब कशाला, आपल्या अंगणात काय कमी आहे? पण सुनेने चार वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं, म्हणून माझा मोठा घोळदार झगा इस्त्री केला, आपलं गायीच्या शिंगांच्या आकाराचं शिरोभूषण डब्यात घातलं आणि निघाले.

पोचल्यावर आधी गावाच्या कडेला, गोऱ्यांच्या छावणीत मेलेल्या आपल्या माणसांच्या वाळूतल्या बिननावाच्या कबरींपाशी गेलो. मी प्रत्येक ढिगाऱ्याला हात लावायला निघाले होते, पण ते संपेचनात. मग एकालाच हात लावून तुमच्या नावाने सांगितलं, बाबा, पुढे सगळ्यांना सांग, फेस्टसची बहीण आली होती. धुकं इतकं होतं की वेयामा दोन हातांवर असून दिसत नव्हती. नाक ओढल्याचं मात्र ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी साहस. हे साहस म्हणजे, दादा, शहाण्या माणसांनी जे टाळायला शेकडो वर्षं घालवली, तेच सुट्टी काढून करायचं. समुद्रावर होडीत नेलं, तिथे मासे मागायला एक सील होडीत चढला आणि माझ्या मांडीला टेकून बसला. अंगाला वास असा, की आपल्या ओटो काकांची आठवण झाली (देव त्यांना शांती देवो). मग चारचाकी मोटारसायकल. त्यावर बसायचं तर हेल्मेट हवं, आणि हेल्मेट हवं तर शिरोभूषण उतरवायला हवं. मी म्हटलं, गायीने कधी शिंगं उतरवून ठेवलीत का? तिथला वाटाड्या, चाळिशीचा शांत माणूस, नाव आब्राम, क्षणभर विचार करून म्हणाला, "बरोबर आहे आई. तुम्ही माझ्या जीपमध्ये बसा. गाय पुढे, कळप मागे." मला तो तिथेच थोडा आवडला होता. हे कुणाला सांगू नका.

टेकडीवर चढायला मला तासभर लागला. वर मेण घासलेली एक पातळ फळी दिली. तिच्यावर पोटावर झोपायचं आणि खाली सुटायचं. वेयामा पटकन सुटली. मी खाली पाहिलं आणि वाळूत बसकण मारली. आब्राम शेजारी येऊन बसला. घाई केली नाही. मी सवयीने विचारलं, कुणाचा तू, कुठला, आई आहे का. त्याने सगळं सांगितलं, आणि मग त्याच आवाजात म्हणाला, "आई, वेयामाला मी वर्षभर ओळखतो. माझं मनगट मोडलं तेव्हा तिनेच बांधलं होतं. आम्हाला लग्न करायचंय. ती तुम्हाला सांगायला घाबरते."

"आणि तू नाही घाबरत?"

"घाबरतो ना. म्हणून तर इथे सांगतोय. इथून तुम्हाला पळून जाता येत नाही."

दादा, मी पळाले. डोक्यात सणक गेली, फळी ओढली आणि स्वतःला लोटून दिलं. झग्याखालच्या माझ्या आठ घागऱ्यांत वारा शिरला, त्यांचं शीड झालं, अर्ध्यावर फळी एकीकडे आणि मी दुसरीकडे, आणि शेवटी थांबले ती थेट वेयामाच्या पायाशी, तोंडात वाळू, एक शिंग वाकडं. तिने पाहिलं आणि ती हसली. पोट धरून, वाळूत बसून हसली. ते हसू मी विसरूनच गेले होते. गिडिऑनने पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा ती अशीच हसायची आणि मला राग यायचा. मग ती रडायला लागली आणि म्हणाली, "आई, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही करणार." मला बोलता येईना. (तोंडात वाळू होती, म्हणून.) मी तिचा हात धरून ठेवला. आब्राम माझी फळी काखेत घेऊन खाली आला आणि लांबच उभा राहिला.

कंबर अजून दुखते. बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार.

तुमची,
आल्बर्टीन

ता. क. ईस्टरला तुम्ही तुमच्या वेतारुहेसाठी वेयामाला मागणी घालणार आहात, हे मला ठाऊक आहे. घरातली सून घरातच राहावी, हे तुमचं म्हणणं मीही चार वर्षं म्हटलं. आता म्हणत नाही. तुमचा मुलगा गुणी आहे, पण तो आला की ती भांडी घासायला उठते.

ता. क. २. आब्राम दामारा आहे, आपल्या जमातीतला नाही. हे वर लिहायचं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, ठेवलं. आपल्या वडिलांना हे रुचलं नसतं. पण ते वर गेलेत, तुम्ही अजून इथे आहात.

ता. क. ३. पोस्टाचा मला भरवसा नाही, म्हणून पत्र त्याच्याच हाती दिलंय. तुम्ही वाचताय तोवर तो तुमच्या कुंपणापाशी उन्हात उभा असेल. मोठ्यांनी बोलावल्याशिवाय तो बसत नाही. आधी त्याला आंबट दूध द्या, मग हवं तेवढं रागवा, आणि राग संपला की त्याला पवित्र अग्नीपाशी नेऊन पूर्वजांना त्याचं नाव सांगा. गिडिऑनही तिथे ऐकत असेल, म्हणून जरा मोठ्याने सांगा.