बंद दारातला कौल

आबा, तुमचं देऊळ पाडायचं ठरलं. पाडणारा तुमचाच नातू, देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. मुलगा नाही म्हणून तुम्ही मला गावातच दिलीत, देवाची पूजा माझ्या घरात ठेवलीत, त्याचं हे फळ.

लहानपणी तुम्ही मला मंडपात उताणी निजवून छत दाखवायचा. कोपऱ्यांवर तिरके दगड, त्यांच्यावर आणखी तिरके, लहान लहान होत मधोमध कमळ. चुना नाही, माती नाही. खाचेत खाच, एकाच्या वजनानं दुसरा धरलेला. मी म्हणाले, पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात. तुम्ही म्हणालात, "पांडवांना स्वतःचा ताप कमी हुता व्हय? पाथरवटांनी बांधलंय, हाडं झिजवून." एक पाकळी कोरायची राहिलीय, तीही दाखवलीत. "कट्टाळला आसंल, गेला आसंल घरी."

छत गळायला लागलं तसं या शहाण्यांनी वरून सिमेंट ओतलं. पाणी आत कोंडलं, भिंत फुगली. आता लेक म्हणतो, "आई, कुणाच्या तरी डोक्यात पडंल. नवं बांधू, लई मोठं, फरशी घालून."

"आदी तुजं डोकं उकरून बघ, आत काय हाय का."

तो हसला. "देवाला इचारलंय की. उजवा कौल दिलाय."

कसा विचारला, तर पिंडीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि गाभाऱ्याच्या दाराशी टेबलफॅन गरगरतोय. अध्यक्षांना घाम येतो. तुम्ही कौल लावताना दार ओढून घ्यायचा. एकदा मी आत शिंकले तर पाठीत धपाटा बसला होता.

म्हणून आज दुपारी मीच गाभाऱ्यात उतरले. दार लावलं, पाकळ्या लावल्या, हात जोडले. नको म्हण, म्हटलं. नवरा दवाखान्यात होता तेव्हासुद्धा मी कुणापुढं अशी गयावया केली नव्हती. उजवी पडली. पुन्हा लावल्या. पुन्हा उजवीच. मग त्याला शिव्या घातल्या, तुमच्या देवाला, आणि तिथंच बसून राहिले.

बाहेर लेक उभा. "काय म्हनला?"

"डावा. दोनी येळेला."

त्याचं तोंड उतरलं. पाडायच्या मशीनवाल्याला फोन लावून म्हणाला, "उद्या नगं येऊ. सांगतो मागनं."

गुरवाच्या लेकीनं देवाच्या नावावर खोटं सांगितलं, आबा. मला त्याचं काही वाटत नाही. पोरं आत्ताही मंडपात पत्ते खेळतायत, त्यांचा आवाज इथवर येतोय. हा कागद चुलीत घालणार आहे, म्हणून लिहिते: बाहेर येताना भिंतीला हात टेकला, तर दगड हलला. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.