चंद्रीच्या हिरड्या

अकोला, कार्तिक वद्य तृतीया

चार दिवस चंद्री शाळेत नाही. चौथीतली, माळ्याची पोर, उशिरा शाळेत घातलेली, बारा वर्षांची. शेवटची आली त्या दिवशी माझ्या वर्गात धडा वाचताना तोंडावर हात धरून पुटपुटत होती. मी ओरडले, "हात काढ आधी!" तिनं काढला. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, दातांच्या कडेला रक्त. वास आला तशा पुढच्या मुली नाक दाबून हसल्या. मीही एक पाऊल मागे सरले. का सरले मी? तो हात काढायला लावायलाच नको होता.

आज बाजारात तिची आई वांगी विकताना दिसली. चंद्रीची चौकशी केली.

"दवाखान्यात नेलं होतं, बाई. हिरड्यात पू झाला म्हणे. समोरचे दोन दात काई वाचत नाई. आता शाळेत जातच नाई म्हणते."

"का बरं?"

"कोन्या तरी बाईनं सगळ्यांसमोर तिले तोंड उघडाले लावलं. कोन, ते सांगत नाई. वरून म्हणते, माय, बाई वाईट नाई."

मी मान हलवली, वांगी घेतली आणि घरी आले. ती बाई मीच, एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.