बिनआगीची ऊब

सॉल्ट पॉइंट, अलास्का
नोव्हेंबर

प्रिय व्हर्नाताई,

हीट पंप बसून महिना होत आला. तू फोनवर विचारतेस तेव्हा मी “चांगला चाललाय” एवढंच म्हणतो, कारण आई शेजारीच बसलेली असते.

विजेवर घर तापवणारं हे यंत्र खरोखर चांगलं आहे. जुनोहून आलेल्या मिस्त्रीने आत पांढरी पेटी लावली, बाहेर पंखा, आणि मला जाळी धुवायला शिकवली. मी ती सांगितल्यापेक्षा जास्त वेळा धुतो. सगळं घर सारखं उबदार असतं, तेलाचा वास गेला, भिंतीवरची काजळी पुसली ती परत धरली नाही. पहिल्या आठवड्यातच आईचा खोकला उतरला. नर्स तिच्या छातीला नळी लावून म्हणाली, “आता ही बाई आम्हा सगळ्यांना पोचवणार.” आई केवढी हसली. तू सरकारी योजनेचा अर्ज भरलास म्हणून हे झालं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तू स्वतःला दोष देशील.

तेलाची शेगडी आणि टाकी त्यांनी नेली. तशी अटच होती, आणि टाकी खालून गळत होतीच. किनाऱ्यावरच्या शिंपल्यांना वास यायचा. शेगडी बोटीवर चढवली तेव्हा आई दारात उभी होती. मला वाटलं, जुन्या वस्तूचं वाईट वाटतंय. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने नेहमीसारखा बाबांचा घास काढला, भाजलेला सामन मासा, वर सीलच्या तेलाचा थेंब, आणि बशी घेऊन उठली. शेगडी होती तिथे जाऊन उभी राहिली. मग पेटीकडे बघून म्हणाली, “हा पाहुणा नुसता फुंकतो. खात काही नाही.” मी हसलो. ती हसली नाही.

ताई, हे आपल्याला कसं सुचलं नाही? बाबा गेल्यापासून ती रोज शेगडीचं झाकण उचलून, नाव घेऊन, घास आगीत टाकून त्यांना जेवू घालत होती. आगीतून गेल्याशिवाय त्यांना काही पोचत नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. अर्ज भरताना आपण फक्त तिच्या छातीचा विचार केला.

आता ती किनाऱ्यावर जाते. पाऊस असो, वारा असो, ओली लाकडं पेटवते, धुरात वाकून फुंकर घालते, बशी रिकामी करते आणि आग विझेपर्यंत तिथेच बसते, कारण जेवणाऱ्याला एकटं सोडून उठायचं नसतं. मी ताडपत्री बांधली, ती वाऱ्याने नेली. तुझ्याऐवजी मी जातो म्हटलं, तर म्हणाली, “तुझा नवरा होता का?” दाराशी डब्यात पेटवू म्हटलं, तर त्यांना कुत्र्यासारखं दारात जेवायला घालायचं का म्हणाली. मेणबत्तीवर घास जळत नाही, मी करून बघितलं. लाकडाची शेगडी आणावी, तर नर्स म्हणते, धूरच घरात हवा होता तर तेलाने काय वाईट केलं होतं. लॉरेन मावशी रस्त्यात अडवून टोमणा मारते, “छान उबेची सोय केलीत रे, आई तेवढी बाहेर राहिली.” खोकला परत आलाय, आधीपेक्षा खोल. अजून एकदा छाती भरली तर विमानाने न्यावं लागेल, आणि या वयात, असं म्हणून नर्सने वाक्य सोडून दिलं.

म्हणून काल मी खोटं बोललो. म्हटलं, आई, बाबा स्वप्नात आले होते. पोट भरलंय म्हणाले, रोज नको, गावजेवणाच्या दिवशी दिलंस तरी पुरे.  तिने विचारलं, “अंगात काय होतं?” माझ्या डोळ्यांसमोर बाबा येतात ते बोटीवरचेच, म्हणून म्हटलं, रेनकोट. “म्हणजे भिजत होते,” ती म्हणाली, आणि जास्तीची लाकडं घेऊन खाली गेली.

आत्ताही ती खालीच आहे, खिडकीतून धूर दिसतोय. माझं आता काही चालत नाही. या रविवारी फोन कर आणि तुलाही स्वप्न पडलं असं सांग. तुझ्यावर तिचा विश्वास बसतो. बाबा काय म्हणाले ते तुझ्या मनाने सांग. फक्त ताई, त्यांच्या अंगात नुसतं बनियन असू दे, पायात मोजेसुद्धा नकोत. उकडतंय म्हणाले, तर फारच बरं.

तुझाच,
एल्टन