मॅडमला विचारलं

२० नोव्हेंबर
प्रवीण आला. माझाच मुलगा, पण खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये लागल्यापासून पाहुण्यासारखा येतो. म्हणाला, खोली मिळाली, जानेवारीत सुनबाईला आणि माझ्या नातीला, पालीला, घेऊन जातो. म्हटलं, तिसरीतल्या पोरीला इथं काय शाळा नाही? तर म्हणे, "बाबा, इथल्या शाळेत एकच धडा हप्ताभर चालते. तुम्हीच पाहा जाऊन."
जेवण गेलं नाही. गोळी घेतली की राहिली, आठवत नाही.

२१ नोव्हेंबर
पाहिलं. वर्ग अर्धा रिकामा. तायडे मॅडम कालचाच धडा शिकवत होत्या. पाली खिडकीबाहेर बघत बसलेली. प्रवीण खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर
शाळा समितीची मीटिंग. प्रवीणच्या जागी मीच जातो. रीत ठरलेली: अध्यक्ष बोलतात, मॅडम कडेला बसून लिहितात, मध्ये चहाचं बघतात, आम्ही सह्या करतो. आज गेटचा विषय. कमानीचा रंग कोणता, यावरच चहा दोनदा झाला.
चौथी नापास माणूस, बोललो तर हसतील. तरी विचारलं, "मॅडम, तुम्हाले काय पाह्यजे?"
अध्यक्ष म्हणाले, "आबाजी, आज मीटिंगात झोप नाही लागली काय?" हसले सगळे.
मॅडमने पेन खाली ठेवलं. "इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं."
मग सांगितलं. कापूस वेचणी लागली की आया वावरात, पोरी घरी, कडेवर लहान भावंडं. आज एक येते, उद्या दुसरी. जी येते तिच्यासाठी मॅडम धडा पुन्हा घेतात. गेट नको म्हणाल्या. वेचणी संपेपर्यंत शाळेतच लहान लेकरं सांभाळायला कोणी द्या, पोरी रोज येतील.
अध्यक्ष म्हणाले, "मंग आबाजीच सांभाळतीन."
पुन्हा हसले. गेटचा ठराव पास. मी मात्र हो म्हणून बसलो.

२५ नोव्हेंबर
डोळा लागला नाही. पोर पडलं तर? माझी बायको सुमन असती तर एक कडेवर, एक पाठीवर घेऊन गेली असती. प्रवीणला तिनेच वाढवलं. मला नुसतं त्याचं हसणं ऐकू यायचं.

२७ नोव्हेंबर
शाळेच्या ओसरीत सुनबाईच्या जुन्या साडीचा झोका बांधला. शेजारची शांताबाई सोबतीला आली. एका लेकरानं चष्मा ओढला, एक रडायचं थांबेना.
शांताबाई म्हणाली, "आबाजी, पोरगं हाय ते, गाठोडं नाही. छातीशी धरा."
धरलं. थांबलं.

२ डिसेंबर
वर्ग भरला. भावाला सांभाळत घरी बसणारी रुकसाना, पाली, सगळ्या एका सुरात पाढे म्हणत होत्या. किती दिवसांनी कानावर आलं. मॅडमने नवा धडा काढला. संध्याकाळी पालीनं तो वाचून दाखवला. मी मध्येच तिला थांबवलं, परत वाच म्हटलं. तिला वाटलं ऐकू आलं नाही.
जानेवारीत हा आवाज घरात नसेल.

४ डिसेंबर
प्रवीणचा फोन. पालीच बोलत राहिली, झोक्याचं, धड्याचं. माझ्याकडे फोन आला तेव्हा म्हटलं, एकदा मॅडमशी बोल. म्हणाला, पाहू.
पाहू म्हणजे काय?

७ डिसेंबर
कामाच्या दिवशी प्रवीण आला. घरी नाही, सरळ शाळेत. मॅडमला निंबाखाली बोलावलं. बराच वेळ मॅडम बोलत होत्या, तो ऐकत होता. मान खाली. एकदा पालीच्या वर्गाकडे पाहिलं. काहीतरी विचारलं, मॅडम हसल्या. मग मोटरसायकलला किक मारली.
माझ्याकडे बघून लांबूनच हात केला. खामगावची खोली सोडतो की ठेवतो, तेवढं विचारायचं होतं. पण रुकसानाचा भाऊ नुकताच मांडीवर झोपला होता. उठता आलं नाही.