चाळीस अपुरी वाक्यं

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. दरवर्षी तुमच्या पुण्यतिथीला तुमच्या भावाकडे जाते, फोटोपुढे मेणबत्ती लावते, वाटीभर खीर खाते आणि परत येते. तेवढ्यात माझं भागतं असं मला वाटायचं. आज रविवार, क्लिनिक बंद आहे, आणि मी मनीषनगरच्या क्लिनिकमधल्या माझ्या खोलीत टेबलाशी बसून हे लिहिते आहे, कारण परवा मंगळवारी एक बाई माझ्याकडे येणार आहे. तिची दहावीतली मुलगी दिवाळीनंतर गेली. आपल्या हातानं गेली. त्याच्या नऊ दिवस आधी तीच मुलगी या टेबलाच्या पलीकडे तीन तास बसली होती, वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीसाठी मी तिची तपासणी केली होती, आणि तिच्या मनात काय चाललं आहे ते तिनं मला लिहून दिलं होतं. मी ते वाचलं नाही. मंगळवारी तिच्या आईला हे सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि तो विचारायला मला तुमच्याशिवाय कोणी नाही.

तुमची खोली आठवते मला, सरकारी दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, व्हरांड्याच्या अगदी टोकाला. बाहेरच्या बाकड्यावर आया बसलेल्या, कोणाच्या मांडीवर पोर, कोणाच्या हातात शाळेनं दिलेली चिठ्ठी. आत ते रंग उडालेले ठोकळे, आणि एक ठोकळा हरवला म्हणून तुम्ही सुताराकडून करून घेतलेला, इतरांपेक्षा जरा मोठाच. मोठ्या मुलांना तुम्ही शेवटी चाळीस अपुऱ्या वाक्यांचा कागद द्यायच्या. ‘माझ्या आईला…’, ‘मला भीती वाटते ती…’, ‘शाळेतून घरी जाताना…’ पुढचं मुलानं भरायचं. पेन नाही द्यायचं, पेन्सिल द्यायची आणि सोबत खोडरबर. तुमच्या हाताखाली शिकायला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, खोडरबर कशाला, खाडाखोड होईल ना. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “खाडाखोडच पाहाची आहे आपल्याले. खोडेल आधी वाच वं, लिहेल कुठं पळून जाते?” खोडलेलं आधी, लिहिलेलं नंतर, हा तुमचा नियम. आणि दुसरं, ज्यावर तुम्ही कोणाचं ऐकायच्या नाहीत. कागद मूल खोलीत असतानाच वाचायचा. पूर्ण, दोन्ही बाजू. मूल समोर बसून रंगीत खडूंनी काहीतरी गिरगटत असायचं, बाहेर आया कुरकुरत असायच्या, आणि तुम्ही ओळ न् ओळ बोट ठेवून वाचायच्या. मग खुर्ची त्याच्याकडे सरकवून म्हणायच्या, “हे तू लिहिलं ना बेटा, हे मले जरा समजलं नाही. सांगतं का?”

एकदा मी चुकले. शिकाऊ होते, दुपारची भूक लागली होती, सावनेरहून आलेली तेरा वर्षांची मुलगी होती आणि तिच्या बापाला बस गाठायची घाई होती. मी कागद घेतला, फायलीत लावला आणि म्हटलं, जा. तुम्ही तीन वाजता फाईल उघडली. काय वाचलंत ते मोठ्यानं बोलला नाहीत, नुसतं विचारलंत, “पोरगी कुठं आहे?” गेली, म्हटलं. “काहून जाऊ दिली?” तुम्ही खोलीला कुलूप लावलंत, बाहेरच्या दोन आयांना उद्याची वेळ दिलीत आणि मला हाताला धरून एसटी स्टँडवर नेलंत. एसटीत मी खिडकीशी बसून मनातल्या मनात तुम्हाला नाही नाही ते म्हणत होते. येडी आहे बाई, एका कागदासाठी चाळीस किलोमीटर! सावनेरला विचारत विचारत घर सापडलं. मुलगी अंगणात कापसाच्या बोंडांतला कचरा निवडत बसली होती, आम्हाला पाहून उठलीसुद्धा नाही. तुम्ही तिच्याजवळ खाली मातीत बसलात आणि अर्धा तास तिच्याशी हळू आवाजात बोललात. मग तिच्या आजीला बाजूला घेतलंत. मग चहा आला. परतताना मी फुरंगटून म्हटलं, “काहीच तर झालं नव्हतं, बाई.” तुम्ही म्हणालात, “झालं नाही तवाच यावं लागते वं. झाल्यावर तर सारे येतात.”

त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमच्याच घरी घेऊन गेलात. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक मोडका स्टूल होता, त्यावर मला बसवलंत, आणि पदर खोचून भाकरी टाकायला लागलात. वांग्याचं भरीत होतं, इतकं तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते भरताचं आहे की दुपारच्या बोलण्याचं हे मलाच कळेना. तुम्ही मला ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. भाकरी उलटता उलटता एवढंच म्हणालात, “आपल्या धंद्यात उशीर झाला तं माफी कोणाले मागाची, ते सांग.” मी तेव्हा ते तुमच्या रागावण्यात धरलं. आता मला वाटतं, तुमच्याही हातून कोणाचा तरी कागद उशिरा वाचला गेला होता. कोणाचा, बाई? मी कधी विचारलं नाही. तुमच्यासारखी बाई चुकू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुम्ही आजारी होतात तेव्हा मी भेटायला आले होते आणि नव्या क्लिनिकची बढाई मारत होते. एसी, दोन शिकाऊ मुली, वेळ आधी ठरवून यायचं. तुम्ही विचारलंत, “दिवसाले किती लेकरं पाहते?” सहा-सात, म्हटलं. तुम्ही दोन पाहायच्या. तुम्ही उशीवर डोकं टेकवून म्हणालात, “लय लवकर वाचते वं तू.” मी हसले. मला ते कौतुक वाटलं, इतकी मी मूर्ख.

आता आमच्याकडे काय चालतं ते ऐका. दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की आईबापांची रीघ लागते. मुलाला वाचायला-लिहायला अडचण आहे असा अहवाल आम्ही द्यायचा, तो घेऊन ते सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र आणतात, मग परीक्षेत जादा वेळ मिळतो. ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी ती सवलत म्हणजे जीव की प्राण, हे मला मान्य आहे. पण सगळे येतात ते कागदासाठी. “मॅडम, आठ दिवसांत होईल ना?” पोरगं कसं आहे, झोपतं का, जेवतं का, हे विचारायला कोणाला सवड नाही, आणि खोटं कशाला बोलू, मलाही नसते. तुमचा तो चाळीस वाक्यांचा कागद मी अजून वापरते. कशासाठी, तर मी आईबापांशी बोलत असते तेवढा वेळ मूल गुंतून राहावं म्हणून. शिकाऊ मुलगी तो हातात देते, भरून झाला की फायलीत सगळ्यात मागे लावते. प्रमाणपत्राला तो लागत नाही, म्हणून पुष्कळदा कोणी वाचतही नाही. आणि अहवाल आम्ही कोरा लिहीत नाही. मागच्या मुलाचा अहवाल उघडायचा, नाव बदलायचं, वय बदलायचं, आकडे बदलायचे. शेवटची एक ओळ तशीच राहते: ‘भावनिक अडचणी आढळल्या नाहीत.’ वर्षानुवर्षं ती ओळ एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे चालत आली आहे. पहिल्यांदा ती कोणासाठी लिहिली होती, देव जाणे.

ती मुलगी मला नीट आठवते, हे त्यातल्या त्यात वाईट. दप्तर मांडीवर घेऊन बसली आहे. ठेव की खाली, म्हटलं तर ठेवते आणि दोन मिनिटांनी परत मांडीवर घेते. वाचताना अडखळते, ओळीखाली बोट धरते, श्रुतलेखनात जोडाक्षर आलं की पेन्सिल उचलून माझ्याकडे पाहते. सगळं जसं असायला हवं तसं. मी मनातल्या मनात अहवाल लिहूनही टाकते. बाहेर आई बसलेली आहे, जरीपटक्याच्या एका दुकानात ब्लाऊज शिवते, दुकान सोडून आली आहे म्हणून घड्याळ पाहते आहे. पुढचं मूल येऊन बसलेलं आहे. मी फाईल मिटते तेव्हा ती मुलगी उठत नाही. म्हणते, “मॅडम, अजून काही विचारायचं आहे का?” मी म्हणते, “नाही बेटा, झालं सगळं. मस्त केलंस.” ती मान डोलावते, खुर्ची आत सरकवते आणि जाते. खुर्ची आत सरकवणारी मुलं फार कमी असतात, असं मी त्या शिकाऊ मुलीला म्हटल्याचंही मला आठवतं.

अहवाल तिची आई आठव्या दिवशी घेऊन गेली होती; पुढे दुसऱ्या भेटीची आठवण द्यायला माझ्या शिकाऊ मुलीनं फोन केला तेव्हा तो तिच्या मामानं उचलला. “आता गरज नाही, ताई,” तो म्हणाला, आणि मग कारण सांगितलं. मी फाईल काढली, शेवटचा कागद ओढला आणि उभ्यानं वाचला. सतराव्या ओळीला छापलेलं होतं, ‘दहावीनंतर मी…’ आणि पुढे तिनं लिहिलं होतं, ‘नसेन.’ खाली एकविसावी, ‘मला कोणी…’ पुढे लिहिलं होतं, ‘त्रास देत नाही.’ पण ती जागा खरखरीत झालेली होती, खोडरबरानं घासून घासून. मी कागद खिडकीशी धरला. आधी तिनं लिहिलं होतं, ‘विचारलं तर सांगीन.’ बाई, तुम्ही ते तिथल्या तिथे वाचलं असतं. तुम्ही खुर्ची सरकवली असती. ती बोलली असती, तिनं तसं लिहूनच दिलं होतं! मी तिला मारलं असं मी म्हणत नाही, तितकी मोठी मी नाही. पण तिनं दार उघडून धरलं होतं आणि मी ते लावून घेतलं, हे तर खरं आहे ना.

आई दोन महिन्यांनी आली. मला वाटलं भांडायला आली. मी तयारच होते, खरं तर मला ते हवं होतं. तिनं पिशवीतून माझा अहवाल काढला, प्लास्टिकमध्ये पक्का करून आणलेला. म्हणाली, “मॅडम, घरी सारे मलेच म्हणतात, आई असून तुले कसं नाही समजलं. सासू तं माह्या हातचं पाणी पीत नाही. मंग मी त्याईले हा कागद दाखवतो. म्हणतो, एवढ्या शिकल्या-सवरल्या मॅडमनं तीन घंटे तपासलं, त्याईले काही दिसलं नाही, मले अडाणीले कसं दिसन?” त्या ओळीवर तिचं बोट होतं. तीच ती ओळ. बाई, माझा हलगर्जीपणा त्या बाईच्या घरात तिची ढाल झाला आहे. मी खरं सांगितलं तर ढालही जाते, आणि हातात काय येतं? विचारलं तर सांगीन. आईनंही विचारलं नव्हतंच ना. आयुष्यभर ती हेच घोकत बसेल. आणि नाही सांगितलं तर माझं सगळं सुखरूप. माझ्या गप्प बसण्यात तिच्याबद्दलची दया किती आणि माझी भीती किती, हे मला खरंच वेगळं करता येत नाही.

ती अहवालासाठी आलीच नव्हती पण. घरच्यांनी मुलीची पुस्तकं, वह्या, सगळं तिच्या राखेसोबत नदीत सोडून दिलं, डोळ्यांसमोर नको म्हणून. “तिच्या हातचं काही लिहेल आहे का तुमच्याजवळ? दोन ओळी असल्या तरी चालन.” मी उठले, फाईल उघडली आणि श्रुतलेखनाचे दोन कागद काढून दिले. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’, ‘शेतकऱ्याने विहीर खणली’, असली आमची रटाळ वाक्यं, तिच्या अक्षरात, जागोजागी माझ्या लाल खुणा. तिनं लाल खुणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “किती चुकते न् माही पोरगी.” मग विचारलं, “एवढंच आहे?” मी म्हटलं, “एवढंच आहे, ताई.” ती म्हणाली, झेरॉक्स काढून मूळ कागद परत आणून देतो, तुम्हाले दफ्तराले लागत असन. नको म्हटलं तरी ऐकेना. म्हणून ती मंगळवारी येते आहे, मला माझे कागद प्रामाणिकपणे परत करायला.

सकाळपासून मी इथे ठरवत बसले होते की तिला समोर बसवीन, तो तिसरा कागद तिच्या हातात देईन आणि माझी चूक माझ्या तोंडानं सांगीन. तसं ठरलंय, असं या पत्राच्या शेवटी लिहायचंही ठरवलं होतं. पण द्यायचा तर तो आधी मला पूर्ण वाचावा लागेल. मी तुम्हाला सांगितल्या त्या ओळी पहिल्या पानावरच्या आहेत, बाई. मागच्या बाजूला अजून अठरा वाक्यं आहेत, आणि दोन महिने होऊन गेले, मी तो कागद उलटलेला नाही.