तांब्याकडं केलेला हात

बसरा, ऑगस्ट १९४३

सौ. मनुबाईस, मुक्काम शिराळा, पलटणीच्या दवाखान्यातनं मानसिंगचा आशीर्वाद.

मलाबी हगवण लागली हुती, आता बरा हाय. सिस्टर मीठ-साखर घातलेलं पाणी घोटघोट पाजती. जितकं जातंय तितकं प्यायचंच, म्हणती.

तू लिवलंस, पाण्यानं हगवण वाढती म्हणून आईनं पाणी तोडलं, आन् आपली दीड वरसाची हौसा जीव जाईपतोर तांब्याकडं हात करत हुती. तुजी चूक न्हाई गं. आईच्या शब्दाबाहेर जाऊ नगंस, असं मीच लिवलं हुतं. आईलाबी कुठं ठावं हुतं? तिला हे वाचून दावू नगंस.

म्हस व्याली का?

जावंच्या पोराला कवा हगवण लागली, तर पाणी पाज. कुणी अडवलं तर सांग, मानसिंगनं लिवलंय.

हौसाचा बाप,
मानसिंग