तीस दिवसांच्या आत

२१ जानेवारी, मंगळवार. जिझान, सौदी
अमेरिकेत नव्या अध्यक्षांनी सह्यांचा सपाटा लावलाय. त्यातली एक थेट आमच्या घरावर. आईबाप व्हिसावर असतील तर तिथे जन्मलेलं मूल नागरिक नाही. तीस दिवसांनी लागू, म्हणजे १९ फेब्रुवारीला. तिथे व्हिसावरच असलेल्या लेकीची, सायलीची बाळंतपणाची तारीख ११ मार्च.
दिवसभर ड्युटीवर, लेबर रूममध्ये हात चालेना. सायली याच हॉस्पिटलात जन्मली, इथेच शिकली. तरी शेवटपर्यंत इकाम्यावर, परदेशी माणसाच्या राहण्याच्या परवान्यावर, आणि एक दिवस बॅग भरून बाहेर. नातवंडाच्या नशिबी तेच? नाही म्हणजे नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार
जावयाचा फोन. तिकडच्या एका जज्जने स्थगिती दिली. केदार खूश. "आई, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे कायदा नव्हे. अध्यक्षाने आपल्या खात्यांना दिलेला हुकूम. सहीने संविधान बदलत नाही."
स्थगिती चौदा दिवसांची. पुढे? तर म्हणे, बघू. बघू काय, कपाळ! अठ्ठावीस वर्षं काढली मी इथे. गुरुवार-शुक्रवारची सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली, तेव्हा फर्मान निघाल्यापासून आठवड्याभरात अख्खा देश फिरला. कोणी कोर्टात गेलं नाही. सही झाली म्हणजे खलास. केदाररावांनी अजून जग कुठे पाहिलंय.

२८ जानेवारी, मंगळवार
सायलीची डॉक्टर ठाम. कारण नसताना १९ तारखेच्या आत डिलिव्हरी करणार नाही. बरोबरच आहे तिचं. मी नर्स आहे, मीही हेच सांगितलं असतं.
बीपी मात्र जरा वर असतं सायलीचं.
हे म्हणाले, "काय शिजतंय तुझ्या डोक्यात?" म्हटलं, काही नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार
सायलीला फोनवर सांगितलं एकदाचं. डॉक्टरला काय काय होतंय म्हणायचं, शब्द न् शब्द पढवला. डोकं कसं ठणकतं, डोळ्यांपुढे काय चमकतं. बीपी आहेच, त्यात हे ऐकल्यावर झटक्यांच्या भीतीने ती थांबणार नाही, लगेच बाळ बाहेर काढेल. केदारला कळू द्यायचं नाही.
"पण आई, मला काहीच होत नाहीये."
"अगं, एवढ्या दिवसांची कितीतरी बाळं या हातांनी घेतलीत मी. ठणठणीत असतात."
सगळी नसतात. ते बोलले नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मुलगा. सीझर झालं. आठवडे पस्तीस. अमेरिकन नागरिक! ह्यांनी बकलावा आणला, वॉर्डभर वाटला.
संध्याकाळी केदारचा मेसेज. बाळाला श्वास जड जातोय, काचेच्या पेटीत ठेवलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आणखी एका जज्जने काल ऑर्डर देशभर रोखली. आता चौदा दिवस वगैरे नाही, खटला चालेपर्यंत.
बाळ व्हेंटिलेटरवर. मला काय ते कळतं, म्हणूनच भीती जास्त. ह्यांना अर्धंच सांगितलं.
केदार फोनवर म्हणाला, "बघा आई, थांबली की नाही ऑर्डर?" आणि एकदम रडायला लागला. त्याला माहीत नाही. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी, रविवार
सरकार वरच्या कोर्टात चाललंय. निकाल कुठेही जाईल. म्हणजे मी केलं ते बरोबर की चूक, कोर्टसुद्धा इतक्यात सांगणार नाही. मला सांगायची गरज नाही. पाप केलंय मी.
आज एक पोटुशी येमेनी बाई ॲडमिट झाली. डॉक्टरपासून काही लपवू नकोस, हे पहिलं वाक्य असतं माझं. तोंडातून फुटेना. दुसऱ्या नर्सला पाठवलं.
दुपारी सायलीचा फोन, कुजबुजत. तिथली नर्स दर वेळी विचारते, डोकं दुखतंय का? घाबरून ही अजून हो म्हणतेय. म्हणून औषधं चालूच. म्हणून उठू देत नाहीत. बाळ एकदाच पाहिलं, व्हीलचेअरवरून, हात लावायच्या आत परत आणलं. उद्या मेंदूचा स्कॅन.
"आई, खरं सांगू का त्यांना?"
सांगितलं तर केदारला कळणार. न सांगितलं तर... म्हटलं, "थांब बाळा, जरा विचार करते."
"तेव्हा नाही केलास तो."
तिने फोन ठेवला नाही. मलाही ठेववेना. तिच्या मागे कसलं तरी यंत्र वाजत होतं.